वीस रुपयांच्या नोटेतला डोंगर

आमच्या घरात आईच्या पर्सला कुणी हात लावत नाही. ती ओरडते म्हणून नाही. तिच्या पर्समधल्या सगळ्या नोटा एका तोंडानं, लहानीपासून मोठीपर्यंत लावलेल्या असतात आणि एखादी जरी उलटी गेली तरी तिला न बघता कळतं, म्हणून. आई एका सहकारी बँकेत कॅशियर आहे. 2001 साली लागली, अजून त्याच काउंटरवर आहे.

त्या पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात वीस रुपयांची एक जुनी नोट असते. लालसर नारिंगी. ती खर्चायची नाही, हे मला आणि माझ्या धाकट्या भावाला कळायला लागल्यापासून माहीत आहे. आई बँकेत लागली त्याच वर्षी ही नोट आली. त्याआधीच्या विसाच्या नोटेवर कोणार्कचं चाक असायचं, हिच्या मागे मात्र नारळाची झाडं, समुद्र आणि पलीकडे डोंगर. काउंटरवर गर्दी नसली की आई म्हणे त्या चित्राकडे बघत बसायची. आमच्या गावापासून समुद्र गाठायचा तर घाट उतरून चार-पाच तास. शेजारच्या काउंटरवरच्या काकू म्हणायच्या, हे केरळ असणार. शिपाईकाका म्हणायचे, गोवा. लॉकडाऊनमध्ये भावानं गुगल करून सांगितलं, ‘आई, हे अंदमान आहे.’ तोपर्यंत हिरवट पिवळी नवी नोट येऊन वर्ष होऊन गेलं होतं आणि तिच्यावर वेरूळची लेणी होती. ‘वेरूळ पाहिलंय मी, शाळेच्या सहलीत,’ आई म्हणाली. ‘हेच राहिलंय.’

हे मी आत्ता लिहितेय तितकं ठळक तेव्हा ऐकलं नव्हतं, खरं सांगायचं तर. घरातल्या मोठ्या माणसांच्या ‘हेच राहिलंय’ची यादी आपण कधी लिहून घेतो?

मग गेल्या डिसेंबरात आम्ही चौघं अंदमानला गेलो. निमित्त जरा उलटं होतं. आईचा डावा गुडघा दोन वर्षं कुरकुर करतोय आणि फेब्रुवारीत ऑपरेशन ठरलं होतं. ‘त्यानंतर सहा महिने कुठे हलायचं नाही, तर आधीच जाऊन येऊ,’ असं बाबा म्हणाले. डॉक्टर म्हणाले, चाला, पण जपून, आणि उतारावर काठी ठेवा.

एका यात्रा कंपनीच्या ग्रुपबरोबर गेलो होतो. मराठी माणूस अंदमानला जातो तो बहुतेक वेळा सेल्युलर जेल बघायला आणि आम्हीही ते पहिल्याच दिवशी पाहिलं. सावरकरांची कोठडी, फाशीघर, संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो. ग्रुपमधल्या दोन आज्यांच्या डोळ्यांना पदर लागला होता. पुढचे दिवस बोटी, बीच, परत बोटी. आणि पाचव्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मोकळा वेळ व खरेदी’.

‘उद्या माउंट हॅरिएटला जाता येईल का?’ आईनं टूर मॅनेजरना विचारलं.

‘वर काही नाही हो मॅडम. झाडं आहेत नुसती. त्यापेक्षा मोत्यांची चांगली दुकानं आहेत.’

आई काही बोलली नाही. रात्री खोलीवर आल्यावर तिनं बाबांना सांगितलं, ‘अहो, एक टॅक्सी ठरवा.’ मोत्यांबद्दल बोलायचं तर, ते तिनं शेवटच्या दिवशी घेतलेच.

इथे थोडं नावांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढे गोंधळ होईल. आई ज्याला माउंट हॅरिएट म्हणते त्याचं नाव 2021 मध्ये माउंट मणिपूर झालं. ज्या पोर्ट ब्लेअरहून आपण तिथे जातो ते 2024 पासून श्री विजयपुरम आहे. समोर दिसणारं रॉस आयलंड आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप. पाट्यांवर नवी नावं आहेत, टॅक्सीवाल्यांच्या तोंडी जुनी. आमचे ड्रायव्हर भैया एकाच वाक्यात दोन्ही वापरायचे. त्यांचं कुटुंब फाळणीनंतर बंगालमधून आलेलं, बायकोकडचे लोक तमिळ आणि घरात सगळे हिंदी बोलतात. अंदमानात असं घरोघरी सापडतं.

सकाळी आठला निघायचं होतं, नाश्त्याच्या रांगेत नऊ वाजले. चॅथम जेट्टीवरून गाड्या नेणारी फेरीबोट आहे. टॅक्सी, स्कूटर, भाजीची पोती, शाळेची मुलं, सगळे एकाच बोटीत. चॅथमला 1883 पासूनची सरकारी लाकूड गिरणी आहे, आशियातल्या सगळ्यात जुन्या गिरण्यांपैकी एक. बोट पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे बांबूफ्लॅटला लावते. फिरून रस्त्यानंही जाता येतं, पण तो भलताच लांबचा वळसा आहे. आमच्या आधीची बोट आमच्या डोळ्यांदेखत सुटली, पुढच्या बोटीत गाडी मावेना, त्यात आणखी वेळ गेला. मी सारखी घड्याळ बघत होते आणि त्याला कारण होतं.

अंदमानातलं घड्याळ आपल्यासारखंच चालतं, सूर्य मात्र नाही. पुण्याहून तिथे गेलं की आपण पूर्वेला जवळपास 19 रेखांश सरकलेलो असतो, म्हणजे सूर्याच्या हिशेबानं सव्वा तास. घड्याळ एकच भारतीय वेळ दाखवतं. त्यामुळे डिसेंबरात सूर्य मावळतो पाचच्या थोडा पुढे. आपण इकडे जेव्हा चारचा चहा पिऊन ‘आता जरा ऊन उतरलं, निघूया’ म्हणतो, तेव्हा तिथल्या जंगलात अंधारायला लागलेलं असतं. तिथे ट्रेक करायचा प्लॅन असेल तर बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

बांबूफ्लॅटहून पुढे होप टाउन लागतं. इथल्या जेट्टीवर घडलेली गोष्ट मला शाळेच्या इतिहासात एका ओळीत भेटली होती. 8 फेब्रुवारी 1872. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो अंदमानच्या कैदी वसाहतीच्या पाहणीला आला होता. दिवसभराचं काम संपलं, आणि त्याला वाटलं अजून उजेड आहे, माउंट हॅरिएटवर जाऊन येऊ. वर हवापालटाचं ठिकाण करता येईल का ते बघायचं होतं. तो वर गेला, बसून सूर्यास्त पाहिला आणि खाली येईपर्यंत अंधार झाला. मशालींच्या उजेडात जेट्टीकडे चालत असताना शेर अली आफ्रिदी या जन्मठेपेच्या कैद्यानं झेप घेतली आणि त्याला सुऱ्यानं भोसकलं. आजवर पदावर असताना खून झालेला हा हिंदुस्थानचा एकमेव व्हाइसरॉय. शेर अलीला महिन्याभरात, 11 मार्चला, जवळच्या व्हायपर बेटावर फाशी दिलं.

भावानं हे सगळं मागच्या सीटवरून मोबाइलवर वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, ‘म्हणजे प्लॅनमध्ये नसताना डोंगरावर गेला.’ आई म्हणाली, ‘आणि उशिरा निघाला.’ दोघंही माझ्याकडे बघत नव्हते, पण मी लगेच घड्याळ बघणं बंद केलं.

रस्ता वळणावळणांचा आणि चढा आहे. अर्ध्यावर एका वळणाला भैयांनी गाडी थांबवली. ‘ये लीजिए, बीस रुपये का नोट.’

खाली निळंहिरवं पाणी, नॉर्थ बेचा किनारा, नारळांची रांग आणि टोकाला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दीपस्तंभ. तिथे आधीच एक कुटुंब मोबाइलच्या कव्हरमधून नोट काढून, हात लांब करून फोटो काढत होतं. आम्हीही काढले. आईनं मात्र पर्समधून ती नोट काढली आणि कॅशियर बघतो तशी बघितली. आधी नोट, मग समोर, मग परत नोट. पाच मिनिटं तरी.

‘हे नाहीये,’ ती म्हणाली.

‘अगं, भैया सांगतायत ना,’ बाबा.

‘नारळ वेगळे आहेत. आणि डोंगर समोर पाहिजे, आपण डोंगरावर आहोत.’

भैया हसले, म्हणाले, सगळे टुरिस्ट इथेच फोटो काढतात, पंचवीस वर्षांत नारळ वाढले असतील. भावानं पुन्हा शोधलं. त्या नोटेच्या मागच्या चित्राचं वर्णन दिलं जातं ते असं, की पोर्ट ब्लेअरच्या मेगापोड रिसॉर्टवरून दिसणारा माउंट हॅरिएट आणि दीपस्तंभ. म्हणजे चित्र खाडीच्या पलीकडून, शहराच्या बाजूनं घेतलेलं. भैयांना ते अजिबात पटलं नाही. त्यांच्या मते रिझर्व्ह बँकेच्या माणसाला इथे त्यांच्याच ओळखीच्या कुणीतरी आणलं होतं. बांबूफ्लॅटपासून मोत्यांच्या दुकानापर्यंत कुणालाही विचारा, उत्तर तेच येईल.

आई मात्र खूश होती. तिनं नोट परत चेनच्या कप्प्यात ठेवली. ‘म्हणजे ह्यातला डोंगर हा. आपण ह्याच्यावर आहोत.’

मला वाटलं, झालं. पाहायचं ते पाहिलं, आता वर जाऊन चहा घेऊ आणि परत. मुळात माझ्या डोक्यात हा ‘ट्रेक’ नव्हताच. मी कॉलेजच्या ग्रुपबरोबर हरिश्चंद्रगड केलाय, कळसूबाई दोनदा, राजगड ते तोरणा एकदा. हा डोंगर समुद्रापासून चारशे मीटरसुद्धा उंच नाही आणि गाडी थेट वर जाते. मी घरून शूजसुद्धा आणले नव्हते, फ्लोटर्स होते पायात. आईनं मात्र बँकेच्या वार्षिक स्पर्धेत चालण्यासाठी घेतलेले स्पोर्ट्स शूज घातले होते. हे माझ्या वर पोहोचेपर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

वर नॅशनल पार्कचं फाटक आहे, तिकीट आहे. आत बाग, बसायला झोपड्या, जुन्या विटांचे अवशेष. इंग्रजांच्या काळात इथे चीफ कमिशनरचा उन्हाळी मुक्काम असायचा. हॅरिएट हे नाव ज्यांच्यावरून पडलं त्या हॅरिएट टायटलर यांच्या नवऱ्याकडे 1862 ते 1864 या काळात पोर्ट ब्लेअरच्या कैदी वसाहतीचा कारभार होता. या बाई मला फार इंटरेस्टिंग वाटल्या. 1857 मध्ये दिल्लीच्या वेढ्यात त्या इंग्रजांच्या छावणीत होत्या, तिथेच एका गाडीत त्यांना मुलगा झाला, आणि त्या मुलाचं मधलं नाव ठेवलं ‘दिल्ली फोर्स’. खरंच. पुढे नवराबायकोनं मिळून दिल्ली आणि लखनौचे शेकडो फोटो काढले.

आणि मणिपूर का? 1891 च्या इंग्रज-मणिपूर युद्धात मणिपूर हरलं. महाराज कुलचंद्र सिंह आणि त्यांच्या बरोबरच्या 22 जणांना काळ्या पाण्यावर पाठवलं. सेल्युलर जेलचं बांधकाम सुरू झालं 1896 मध्ये, म्हणजे तेव्हा जेल नव्हतंच. त्यांना ठेवलं या डोंगरावर. चहूबाजूंनी जंगल, खाली समुद्र, वेगळी भिंत कशाला लागते? ज्यांच्या मुलखाला समुद्रच नाही अशी माणसं रोज सकाळी उठून हे निळं पाणी बघत असतील. आपण त्याला व्ह्यू म्हणतो.

जेवणं झाली तेव्हा एक वाजायला आला होता. (यात्रा कंपनीनं पॅक लंच दिलं नाही, ‘मोकळा वेळ’ असल्यामुळे. आईनं घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पाचव्या दिवशीही टिकून होती.) पार्कच्या मागच्या बाजूनं एक पायवाट आत जाते, काला पत्थरकडे. साधारण 2 किलोमीटर. तीच वाट पुढे मधुबनच्या किनाऱ्यापर्यंत उतरते, पण ती मोठी, 16 किलोमीटरची.

‘तिथे जायचं,’ आई म्हणाली.

मी बाबांकडे पाहिलं. बाबा पाण्याच्या बाटल्या भरत होते. म्हणजे त्यांचं रात्रीच ठरलं होतं.

मी हिशेब केला. 2 किलोमीटर मला अर्धा तास. आईला तासभर, फार तर सव्वा. परतीला तेवढंच किंवा जास्त, कारण गुडघेदुखीत खरा त्रास चढताना नाही, उतरताना होतो. चारच्या आधी फाटकावर यायलाच हवं, पाचच्या सुमाराची बोट हवी. मग मी ग्रुपमध्ये करतो तसं केलं. म्हटलं, अडीच. अडीच वाजता आपण जिथे असू तिथून परत फिरायचं. काला पत्थर दिसत असला तरी. याला टर्नअराउंड टाइम म्हणतात आणि डोंगरात होणाऱ्या निम्म्या भानगडी तो न पाळल्यानं होतात, असं आमचा ग्रुप लीडर नेहमी सांगतो.

‘अडीच,’ आई म्हणाली. ‘ठरलं.’

पहिली दहा मिनिटं मी पुढे, मग थांबायचं, मग ते तिघं येणार, मग परत मी पुढे. सह्याद्रीत मी असंच चालते. तिथे समोर डोंगर दिसत असतो, सुळका दिसत असतो, पाय आपोआप ओढले जातात. इथे काहीच दिसत नाही. झाडांचे सरळसोट बुंधे वर जातात आणि फांद्या कुठे सुरू होतात ते बघायला मान पार मागे टाकावी लागते. गर्जन नावाची झाडं ही, तेलकट लाकडाची. पडौकही आहे, त्याचं लालसर लाकूड आम्ही चॅथमच्या बाजूला पाहिलं होतं. काही झाडांची मुळं जमिनीवर भिंतीसारखी उभी, माझ्या कमरेपर्यंत. वेत, वेली, खाली ओल्या पानांचा थर. वारा नाही. ऊन लागत नाही पण घाम असा की पुसला तरी वाळत नाही. पावसाळ्यात इथे जळवा असतात म्हणे. फ्लोटर्स घातलेल्या मला डिसेंबर असल्याबद्दल बरं वाटलं.

तिसऱ्यांदा थांबले तेव्हा दहा मिनिटं झाली तरी मागून कुणी येईना. मी वैतागून परत गेले. तिघं एका वळणावर उभे होते, माना वर. भाऊ तोंडावर बोट ठेवून मला ‘गप्प’ म्हणत होता.

ठक, ठक-ठक. एक सुतार पक्षी. सगळा काळा, डोक्यावर लाल तुरा, चांगला कावळ्याएवढा. बुंध्याच्या मागे जायचा, परत पुढे यायचा. हा काळा सुतार फक्त अंदमानात सापडतो. अंदमानात अशा पक्ष्यांची मोठीच यादी आहे आणि पक्षी बघणारे लोक या डोंगरावर खास त्यासाठी येतात. मी त्याच्या खालून पाच मिनिटांपूर्वी चालत गेले होते.

‘ताई, तू बघितलास की नाही?’ भावानं विचारलं. हा मुलगा अकरावीत आहे आणि घराच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टनं जातो. त्याला काही ट्रेकिंगचा स्पीड वगैरे नाही, त्यामुळे तो आरामात आईबरोबर चालत होता, दिसेल ते दाखवत.

त्यानंतर मी मागे राहिले. आई पुढे, तिच्या हातात भैयांनी दिलेली काठी, तिच्यामागे मी. ती कशी चालते हे मी पहिल्यांदाच बघत होते. उजवा पाय आधी, मग काठी, मग डावा जोडीला. मूळ आलं की थांबून विचार करून पाय टाकायची, घाईत एकदाही नाही. नोटा मोजताना जसा तिचा अंगठा चालतो तसं काहीतरी.

‘हरिश्चंद्रगडावर पण असंच असतं का गं?’ तिनं मध्येच विचारलं.

‘नाही. तिकडे कातळ असतो. झाडी कमी.’

‘मग डबा कुठे खाता?’

मी सांगितलं. देवळापाशी, नाहीतर केदारेश्वरच्या गुहेजवळ, कोकणकड्यावर संध्याकाळी. तिनं अजून विचारलं. कोकणकडा म्हणजे काय, किती खोल, रात्री थंडी किती, टॉयलेटचं काय करता, मुली किती असतात. चार वर्षं झाली मी ट्रेकला जातेय. प्रत्येक वेळी पहाटे साडेतीनला उठून ती मेथीचे ठेपले करून देते, वीस-वीस, सगळ्या ग्रुपला पुरतील असे. ग्रुपमध्ये ‘तुझ्या आईचे ठेपले’ फेमस आहेत. ते कुठे बसून खाल्ले जातात, हे तिला आज कळत होतं. मी फोटो स्टोरीला टाकते, पण आई माझ्या स्टोरीज बघत नाही आणि मी दाखवत नाही.

तिला कधी विचारलं नव्हतं, येतेस का म्हणून. कळसूबाईला शिड्या आहेत, तेव्हा गुडघाही दुखत नव्हता. आमच्याच ग्रुपमध्ये एकाचे वडील दोनदा येऊन गेलेत. आई म्हणजे डबा, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं होतं बहुतेक. हे मी त्या वाटेवर तिला बोलून दाखवलं नाही. इथेच पहिल्यांदा लिहितेय, आणि ती पुरवणी वाचते.

दोन वाजून गेल्यावर तिचा वेग आणखी कमी झाला. एका उतारावर ती थांबली, काठीवर दोन्ही हात टेकून. चेहऱ्यावरून कळत होतं. बाबा म्हणाले, ‘बसूया जरा?’ ती बसली नाही. म्हणाली, बसले तर उठणार नाही. समोरून एक जोडपं परत येत होतं, त्यांना विचारलं. ‘बस, दस मिनट,’ ते म्हणाले. त्यांची दहा मिनिटं म्हणजे आमची वीस.

दोन पंचवीस. वाट एका ठिकाणी उजवीकडे वळते आणि झाडांमध्ये एक फट आहे. त्यातून खाली समुद्र दिसला. रस्त्यावरच्या त्या फोटो पॉइंटसारखा नाही, दीपस्तंभ नाही, नारळ नाहीत. नुसतं जंगल उतरत गेलेलं आणि त्याच्या टोकाला पाणी, आणि त्या पाण्यात लांबवर एक पुसट बेट. हॅवलॉक असेल असं बाबा म्हणाले, आमच्यापैकी कुणाला खात्री नव्हती.

मी घड्याळ बघितलं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला नियम मोडायचा होता. आता वीस मिनिटं जास्त, काय फरक पडतो? काला पत्थरला तिला फोटोत उभं करायचं होतं मला. तिथून कैद्यांना खाली ढकलून मारायचे अशी गोष्ट सांगतात, खरंखोटं माहीत नाही, पण जागा कड्यावरची आहे आणि तिथून सगळं मोकळं दिसतं. एवढं आलोय तर. म्हटलं, ‘आई, तीनपर्यंत चालेल. मी आधी जरा जास्तच धरून सांगितलं होतं.’

‘अडीच म्हणालीस ना?’

‘हो, पण...’

‘मग अडीच.’ तिनं काठी फिरवून दुसऱ्या बाजूला टेकली. ‘चार वाजता काउंटर बंद म्हणजे बंद. चार वाजून दोन मिनिटांनी एकाचं घेतलं की बाहेर पंधरा उभे असतात. आणि मला परत पण जायचंय, तुला नाही कळत ते.’

ती वळली. मग थांबून म्हणाली, ‘तुला जायचं असेल तर जाऊन ये पळत. आम्ही चालू लागतो.’

पळत मला दहा मिनिटं लागली असती. खरोखर मनात आलं, जाऊन येते, व्हिडिओ काढते, तिला दाखवते. पण मागे त्या उतारांवर, जे आता चढ झाले होते, आणि त्या चढांवर, जे आता उतार झाले होते, तिच्या डाव्या बाजूला कुणीतरी हवं होतं. भावाला ते जमलं असतं कदाचित. मी गेले नाही.

परतीला पावणेदोन तास लागले. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. दोनदा ती बसली, एकदा माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून एक मोठं मूळ ओलांडलं, एकदा रागावली, कारण बाबा सारखं ‘हळू, हळू’ म्हणत होते. शेवटची दहा मिनिटं कुणीच बोललं नाही. सव्वाचार झाले फाटकावर यायला. चारची माझी वेळ चुकलीच. अडीचला फिरलो नसतो तर काय झालं असतं याचा हिशेब भावानं मोठ्यानं करून दाखवला, कुणी विचारलं नसताना.

बांबूफ्लॅटला पोहोचलो तेव्हा उजेड उतरला होता आणि बोट पलीकडच्या काठावर होती. जेट्टीजवळच्या टपरीवर चहा घेतला. आईनं पाय समोरच्या स्टुलावर ठेवला होता, गुडघा सुजलेला कपड्यावरूनही कळत होता. पाण्यापलीकडे शहराचे दिवे लागत होते. ती मागे वळून डोंगराकडे बघत होती, जो आता नुसता काळा आकार होता.

‘इथून तसाच दिसतो,’ ती म्हणाली.

‘कसा?’

‘नोटेतल्यासारखा.’

चार चहाचे चाळीस झाले. आईनं पर्स उघडून वेरूळच्या दोन नोटा दिल्या, तोंडं एका बाजूला करून.

ऑपरेशन झालं. फिजिओथेरपी चालू आहे, रोज सकाळी चाळीस वेळा पाय वर, खाली, आणि तिचं मोजणं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं. परवा आमच्या ग्रुपवर पुढच्या ट्रेकची तारीख पडली. मी आईला सांगितलं, ठेपले नकोत, आम्ही तिकडेच जेवणार आहोत. ती म्हणाली बरं. थोड्या वेळानं आतून विचारलं, ‘राजमाचीला गाडी कुठपर्यंत जाते गं?’